जुनी फनहाउसं आणि लाकडी रोलरकोस्टर: अजून काय काय शिल्लक आहे?

वाकडा आरसा

सिडनीच्या लूना पार्कात 'कोनी आयलंड' नावाचं एक फनहाउस आहे, म्हणजे घसरगुंड्या, फिरती पिंपं, तबकड्या असलेली खेळांची इमारत. १९३५ची. बाहेरून नुसती रंगीबेरंगी शेड. आत पाऊल टाकलं की आधी कानावर येतो तो लाकडाचा आवाज. लाकडी जमिनीवर धावणारी पोरं, उंच लाकडी घसरगुंड्यांवरून गोणपाटावर बसून सर्रकन खाली येणारी माणसं, फिरणाऱ्या पिंपात आपटणारी माणसं. यंत्राचा आवाज जवळजवळ नाहीच.

आणि जॉय व्हील! जमिनीत बसवलेली, हजारो पार्श्वभागांनी घासून घासून आरशासारखी झालेली लाकडी तबकडी. सगळ्यांनी मधोमध पाठीला पाठ लावून दाटीवाटीने बसायचं. तबकडी फिरू लागते, वेग वाढतो आणि कडेचा एकेक माणूस सटकतो. मी पाचव्या नंबरला उडालो. उडताना शेजारच्या अनोळखी गृहस्थांचा शर्ट धरला, म्हणून तेही माझ्याबरोबर आले. शेवटपर्यंत टिकली ती साताठ वर्षांची एक मुलगी. बरोब्बर मध्यावर मांडी घालून बसली होती, चेहऱ्यावर काहीही भाव नाही, जणू बस येण्याची वाट बघतेय.

तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. जगात अशी आणखी काय काय उरलंय? फोटोतलं नको, संग्रहालयातल्या दोरीपलीकडचं नको. ज्यात बसता येतं, पडता येतं असं हवं. चष्मा लावून पडद्यात बघायच्या राइड्स कृपया सुचवू नका.

तिसरी घंटा

रुमाल टाकून ठेवतो. प्रतिसादांच्या प्रतीक्षेत.

लाकूडफाटा

माझ्या आवडीचा विषय, त्यामुळे जरा पाल्हाळ लागेल.

आज शिल्लक असलेल्यांत सगळ्यात जुना रोलरकोस्टर म्हणून ज्याची नोंद आहे तो पेनसिल्व्हेनियात अल्टूनाच्या लेकमाँट पार्कमधला 'लीप द डिप्स', १९०२चा. उंची ४१ फूट आणि सगळ्यात मोठा उतार ९ फुटांचा! वेग साधारण ताशी १६ किलोमीटर, म्हणजे सायकलवाला आरामात बरोबर येईल. पण पट्टा नाही, मांडीवर येणारी दांडी नाही, डोक्यामागे टेकू नाही.

गंमत त्याच्या चाकांत आहे. आजच्या रोलरकोस्टरच्या डब्याला रुळाच्या वर, बाजूला आणि खालीही चाकं असतात. खालची चाकं डब्याला रुळावरून उचलू देत नाहीत. लीप द डिप्सला ती खालची चाकं नाहीतच. डबा पन्हळीसारख्या मार्गातून जातो आणि दोन्ही बाजूंच्या फळ्यांना घासत वळतो. त्यामुळे जोरात सोडायची सोयच नाही, डबा उडेल. कोस्टर बांधणाऱ्या जॉन मिलरने १९१०च्या दशकात खालच्या चाकांची युक्ती काढली आणि १९२०च्या दशकात ते भयानक उतार सुरू झाले. लीप द डिप्स त्याच्या आधीच्या काळातला. तशा बांधणीचा आठाच्या आकड्यासारखा दुसरा कोस्टर आता जगात नाही.

१९८५ला बंद पडला होता, १९९९ला दुरुस्त होऊन परत सुरू झाला. मधे १९९६ला त्याला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. पण ते पार्क कधी उघडं तर कधी बंद असं चालू असतं. फोन करून, चालू आहे हे दोनदा विचारून मगच निघा.

दुसरी गोष्ट ब्रेकवाल्यांची. काही जुन्या कोस्टरच्या रुळांवर ब्रेक नसतात. एक माणूस गाडीवर उभा राहून हातातल्या दांड्याने ब्रेक लावतो. मेलबर्नच्या लूना पार्कातली 'सीनिक रेल्वे' (१९१२) तशी आहे, सुरू झाल्यापासून सलग चालत आलेल्यांत तीच सगळ्यात जुनी. कोपनहेगनच्या तिवोलीतला 'रुत्शेबानेन' (१९१४), सान सेबास्तियानला डोंगरावरची 'मोन्तान्या सुइसा' (१९२८) आणि हेलसिंकीच्या लिनानमाकीतला 'वुओरिस्तोराता' (१९५१) याच जातकुळीतले.

मेलबर्नला मी ब्रेकवाल्याच्या पाठीमागच्याच बाकावर होतो. समुद्राच्या बाजूच्या वळणावर तो बाई संपूर्ण वजन मागे टाकून दांड्यावर रेलली आणि (हो, 'तो' लिहिता लिहिता 'ती' झाली, कारण ती खरंच बाई होती) वळण संपल्यावर अगदी हलकेच सोडलं. बैलगाडी हाकणाऱ्याला उतारावर कासरा कधी ढिला सोडायचा ते कळतं, तसं. पावसात रूळ ओले असले तर तोच उतार वेगळा धरावा लागतो म्हणे. प्रत्येक फेरी थोडी निराळी.

अनुस्वार

लाकूडफाटा, तो 'तो बाई' राहू द्या, खोडू नका. :)

माझ्याकडून केनीवुड. पिट्सबर्गजवळ. एकाच फाटकाआत इतकं जुनं इतरत्र क्वचितच सापडेल. 'जॅक रॅबिट' १९२०चा, 'रेसर' १९२७चा. रेसरमध्ये दोन गाड्या शर्यत लावतात, पण रूळ एकच अखंड आहे. डावीकडून निघालात तर उजवीकडे उतरता. दोन गाड्यांतून आलेली आमची मंडळी उतरल्यावर एकमेकांना चुकीच्या फलाटावर शोधत होती.

फनहाउसवाल्यांसाठी मात्र खरा ऐवज म्हणजे 'नोहाज आर्क', १९३६. खडकांवर बसवलेली मोठी लाकडी नाव, ती सतत पुढेमागे डुलते. आत अंधारे, वाकडे बोळ आहेत, पायाखाली हलणाऱ्या फळ्या आहेत. एकेकाळी अशा नावा कितीतरी बागांत होत्या, अमेरिकेत चालती उरली ती ही एकच. आत शिरायचं ते देवमाशाच्या तोंडातून, त्याच्या मऊ जिभेवर पाय देत. मधल्या काळात ते तोंड काढून टाकलं होतं. २०१६ला परत बसवलं. पाय ठेवला की जीभ जी काही दबते ना... माझ्या सासूबाई तिथूनच परत फिरल्या.

तिथेच 'ओल्ड मिल' आहे, १९०१ची. अंधाऱ्या बोगद्यातल्या पाण्यातून होडी संथ जाते. २००४पासून काही वर्षं तिच्यात एका कार्टून मांजराची सजावट घुसवली होती. २०२०ला पुन्हा ओल्ड मिल झाली. मांजर गेलं, बरं झालं.

निरीक्षक

धागा छान आहे, पण एक शंका. तुम्ही 'मूळ', 'अस्सल' म्हणताय ते नेमकं कशाला? लाकडी कोस्टरच्या फळ्या दर वर्षी थोड्याथोड्या बदलाव्याच लागतात. लीप द डिप्सही १४ वर्षं पडून राहिला, मग दुरुस्त झाला. १९०२मधली फळी त्यात शोधून दाखवा. मग एखाद्याने जुने नकाशे बघून नवा बांधला तर तो खोटा का?

लाकूडफाटा

प्रश्न रास्त आहे. उदाहरण देतो. पेनसिल्व्हेनियातल्याच 'कनोबल्स' पार्कात 'फीनिक्स' आहे. तो मूळचा टेक्सासात, सान अँटोनियोच्या एका बंद पडलेल्या बागेत, १९४७चा. १९८५ला तो सुटा करून, फळीफळीवर खुणा टाकून, ट्रकांत भरून आणला आणि परत उभा केला. माझ्या लेखी तो अस्सल.

त्याच पार्कात 'फ्लाइंग टर्न्स' आहे. रूळ नाहीतच. लाकडी पन्हळीतून गाडी बर्फावरच्या बॉबस्ले घसरगाडीसारखी कलंडत जाते. पहिला १९२९ला निघाला. जुने सगळे नष्ट झाले. कनोबल्सने कित्येक वर्षं डोकं फोडून २०१३मध्ये नवा सुरू केला. म्हणजे कोस्टर नवा, पण त्याच्यावाचून ती चाल आज कोणाला अनुभवताच आली नसती. हा कुठल्या खात्यात टाकायचा ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

निरीक्षक

म्हणजे माझा मुद्दा मान्य.

लाकूडफाटा

अर्धा.

वाकडा आरसा

मी माझ्यापुरतं ठरवलंय. फळी नवी असली तरी चालेल, पण ती हलवण्याची पद्धत जुनी हवी. सिडनीची तबकडी उद्या नव्या लाकडाची केली तरी मी जाईन. तिच्याभोवती मऊ गाद्या लावल्या आणि वेग निम्मा केला, तर नाही जाणार.

गिअर पाच

तबकडीवरून आठवलं. तिथे लोक जाड माणसाला धरून बसतात, तो हलणार नाही म्हणून. काही उपयोग नाही. माणसाला बाहेर ढकलणारं बळ वजनाच्या पटीत वाढतं आणि त्याला धरून ठेवणारं घर्षणही वजनाच्याच पटीत वाढतं. दोन्हीकडून वजन कटतं. उरतं ते मध्यापासूनचं अंतर आणि कपड्यांचा पोत. तुमची ती मुलगी मध्यावर होती म्हणून जिंकली. सुती जीन्स घालून जा, पॉलिएस्टरची ट्रॅकपँट अजिबात नको.

पिंपाबद्दलही: सरळ चालू नका. ज्या बाजूने पिंप खाली येतंय त्या बाजूला तिरकी छोटी पावलं टाकत पुढे सरका. आणि पडलात तर ताबडतोब उठायची घाई करू नका, ते तुम्हाला पुन्हा पाडणारच आहे.

जॉय व्हीलचा चुलतभाऊ म्युनिकच्या ऑक्टोबर महोत्सवात आहे, 'टॉयफेल्सराड', म्हणजे सैतानाचं चाक. १९१०पासून. तिथे निवेदक माइकवरून टिंगल करत असतो. कोणी फारच चिकटून राहिलं तर दोरीला बांधलेला मोठा चेंडू वरून झोकून पाडतात. बहुतेक माणसं तिकीट काढून नुसती बघत बसतात, सगळी मजा कडेच्या बाकांवर. जवळच 'क्रिनोलिन' नावाचं १९२४चं हेलकावे खात फिरणारं चक्र आहे, त्याच्यासोबत पितळी वाद्यांचा खराखुरा बँड वाजतो.

जाडा चष्मा

आरशांचे भूलभुलैये राहिले की! ल्युसर्नच्या ग्लेशियर गार्डनमध्ये एक आहे, १८९६ला जिनिव्हाच्या प्रदर्शनासाठी बांधलेला, ३ वर्षांनी ल्युसर्नला आणलेला. ९० आरसे, स्पेनमधल्या अल्हाम्ब्रा महालाच्या धर्तीची नक्षी. प्रागच्या पेत्रिन टेकडीवर आणखी जुना, १८९१चा. तिथे भूलभुलैयाला जोडून पोट सुटवणाऱ्या, मान लांबवणाऱ्या आरशांचं दालन आहे.

हे चक्रावतात का, तर आरसे ६० अंशांच्या कोनांत, समभुज त्रिकोणांच्या जाळीवर उभे केलेले असतात. त्यामुळे प्रतिबिंबातला बोळ खऱ्या बोळाच्या रेषेत तंतोतंत जुळतो आणि खांब सगळीकडे सारखे दिसतात. मी ल्युसर्नला स्वतःलाच 'सॉरी' म्हणून वाट दिली. दोनदा. युक्ती एकच: समोर बघायचं नाही, जमिनीकडे बघत चालायचं, आरसा जमिनीला जिथे टेकतो ती कड दिसते. पण मग गेलात कशाला, हा प्रश्न उरतोच.

हेमलता

थोडं कडू लिहिते. मागच्या खेपेस मी एका डार्क राइडसाठी (छोट्या गाडीत बसून अंधाऱ्या इमारतीतून जायची राइड) चार तास गाडी चालवून गेले. त्यांच्या संकेतस्थळावर राइडचं नाव, फोटो, सगळं होतं. तिथे पोचल्यावर फाटकावरच्या मुलाने सांगितलं की ती बंद होऊन दोन हंगाम झाले. आत जाऊन बघितलं तर त्या इमारतीत प्लास्टिकच्या खुर्च्या रचून ठेवलेल्या. दरवाजावरचा रंगवलेला सांगाडा तेवढा अजून हसत होता. पार्कचं नाव देत नाही, पण हात दाखवून अवलक्षण झालं.

तेव्हापासूनची माझी पद्धत सांगते. कोस्टरसाठी आरसीडीबी हा इंटरनेटवरचा माहितीसाठा वापरते. त्यात चालू, बंद, हलवलेला, पाडलेला अशी स्थिती कळते. घोड्यांच्या चक्रांसाठी अमेरिकेतल्या नॅशनल कॅरौसेल असोसिएशनची गणती आहे. डार्क राइड आणि फनहाउससाठी 'डेफ' नावाची हौशी मंडळींची संघटना आहे, ते लोक फार बारीक नोंदी ठेवतात. पण शेवटचा पुरावा म्हणजे गेल्या महिन्याभरात कोणीतरी काढलेला व्हिडिओ. गर्दीत लोकांच्या हातात काय आहे, फलक कोणत्या साली लावलेत हे बघा, म्हणजे कळतं व्हिडिओ नवा की जुनाच परत टाकलाय ते. आणि फोनवर 'पार्क चालू आहे का' विचारू नका. 'अमुक राइड आज फिरतेय का' असंच विचारा. उत्तर देणारा 'थांबा हं' म्हणून कोणाला तरी हाक मारतो तेव्हा खरं उत्तर मिळतं.

अनुस्वार

हेमलताताई, खुर्च्यांचं वाचून वाईट वाटलं. डार्क राइडच हवी तर पेनसिल्व्हेनियातल्या ईरीच्या वाल्डामीअर पार्कात जा. बिल ट्रेसी नावाच्या माणसाने बनवलेली 'व्हॅकी शॅक' (१९७०) आणि चालत जायची 'पायरेट्स कोव्ह' (१९७२), दोन्ही एकाच ठिकाणी. हा माणूस १९७४ला गेला, त्याची कामं झपाट्याने कमी झाली. मेरीलँडच्या ओशन सिटीत ट्रिंपर्स पार्कात १९६४चं भूतघर आहे, तेही त्याचंच. त्याचा हात ओळखू येतो: भिंती तिरक्या, रंग अंधारात चमकणारे, आणि भीतीत थोडा चावटपणा मिसळलेला.

गिअर पाच

डार्क राइडचा मूळपुरुष लिऑन कॅसिडी, न्यू जर्सीचा. पाण्याची ओल्ड मिल बांधायला परवडेना म्हणून त्याने १९२८ला एकाच रुळावरून धावणारी विजेची छोटी गाडी बनवली. वळणं इतकी अचानक की लोक म्हणाले, आमचा प्रेट्झेल (गाठीसारखा वळवलेला खारा पाव) झाला. त्याने कंपनीचं नावच प्रेट्झेल ठेवलं. गाडीच्या बाजूला लोखंडी प्रेट्झेल लावलेला असायचा तो शोभेचा वाटतो, पण तो वजनासाठी होता, वळणावर गाडी उलटू नये म्हणून. जुनी गाडी कुठे दिसली तर आधी तो वाकून बघा.

तिसरी घंटा

एक बाळबोध प्रश्न. इतकी मजा होती तर ही फनहाउसं गेली कुठे? जमिनीचे भाव?

लाकूडफाटा

भाव आहेतच. विम्याचे हप्ते आहेत. मुद्दाम माणसाला पाडणारी जागा कुठली कंपनी आनंदाने उतरवेल? शिवाय एकेका खोलीत लक्ष ठेवायला माणूस लागतो, राइडसारखं एका बटणावर भागत नाही.

पण सगळ्यात मोठं कारण आग, आणि त्याबद्दल थट्टा नको. वाकडा आरसा ज्या पार्काबद्दल लिहितायत तिथेच १९७९ला घोस्ट ट्रेनला आग लागली, ७ जण गेले, त्यातली ६ मुलं. १९८४ला न्यू जर्सीत एका भूतमहालात ८ किशोरवयीन मुलं गेली. लाकूड, कापड, रंग, अंधार, मुद्दाम चुकवणारे बोळ. नंतर अमेरिकेत अशा इमारतींना पाण्याचे फवारे आणि धुराचे इशारे सक्तीचे झाले. ते योग्यच होतं. पण छोट्या पार्कांना खर्च झेपेना, त्यांनी इमारतीच पाडल्या. ब्लॅकपूलचं प्रसिद्ध फनहाउसही १९९१ला जळालं. मार्गेटच्या ड्रीमलँडमधल्या १९२०च्या सीनिक रेल्वेला २००८ला आग लागली, ती मात्र २०१५ला परत उभी केली.

म्हणून जुन्या जागी शिरताना मी बाहेर जायचे हिरवे दिवे आधी मोजतो. मजा कमी होत नाही.

वाकडा आरसा

हो, सिडनीला त्या घटनेचं स्मारक आहे. ते वाचून आत गेलो होतो, वर लिहिलं नव्हतं.

निरीक्षक

ब्लॅकपूल निघालंच आहे तर: हायरम मॅक्सिमचं 'कॅप्टिव्ह फ्लाइंग मशीन', १९०४चं. हो, तोच मशीनगनवाला मॅक्सिम. विमानाच्या प्रयोगांना पैसे हवे होते म्हणून त्याने लोकांना दोरखंडाला टांगून गरगरा फिरवलं. बार्सिलोनाच्या तिबिदाबो डोंगरावर १९२८चं लाल विमान आहे, तेही टांगलेलंच, पण त्याचा स्वतःचा पंखा फिरतो आणि त्याच्याच जोरावर ते डोंगराच्या कड्याबाहेर गोल जातं. मूळ, अस्सल वगैरे वाद मी तिथे विसरलो, हे कबूल करतो.

जाडा चष्मा

निरीक्षकांचा प्रतिसाद जपून ठेवला आहे.

हेमलता

अजून एक: लाफिंग सॅल. फनहाउसच्या दारावर उभी राहून खदाखदा हसणारी, दातांत फट असलेली, मोठ्या बांध्याची यांत्रिक बाई. १९३०च्या दशकात फिलाडेल्फिया टबॉगन कंपनी विकायची, अंग कागदाच्या लगद्याचं. सॅन फ्रान्सिस्कोच्या 'प्लेलँड अॅट द बीच'ला होती, ते १९७२ला बंद झालं. त्या शहरातल्या म्युझे मेकानिक या जुन्या यंत्रांच्या संग्रहालयात एक आहे, कॅलिफोर्नियातल्याच सांताक्रूझच्या बोर्डवॉकला दुसरी. नाणं टाकलं की कंबरेतून पुढे झुकते आणि सुरू होते. पहिली दहा सेकंदं हसू येतं. त्यानंतर ती थांबत नाही. माझा भाचा आठ वर्षांचा, भुताटकीच्या तीन राइड्स करून आलेला, तिच्यापुढे उभा राहून म्हणाला, "मावशी, हिला कोणीतरी बंद कर ना."

तिसरी घंटा

सांताक्रूझला जायचंच असेल तर १९२४चा 'जायंट डिपर' लाकडीच आहे ना? पुढच्या महिन्यात तिकडे जातोय. पुढच्या डब्यात बसू की मागच्या?

लाकूडफाटा

पहिल्यांदा मधल्या. लाकडी कोस्टरच्या शेवटच्या डब्याला माथ्यावरून खाली खेचलं जातं, बुड बाकावर राहत नाही. मग परत रांग लावा आणि शेवटच्या डब्यात बसा. चष्मा खिशात, खिशाला चेन.

तिसरी घंटा

आणि सॅल?

हेमलता

सुटे नाणे घेऊन जा. एकच पुरे.